घरच्या फिश टँकसाठी फिल्टर स्वतः बनवा: बोअरचं पाणी, लाईटचा लपंडाव आणि उन्हाळा धरून केलेलं डिझाइन

फिश टँकचा फिल्टर घरी कसा बनवायचा, याचे व्हिडिओ मोबाईलवर शेकड्याने सापडतील. पण त्यातले बरेचसे व्हिडिओ दोन गोष्टी गृहीत धरतात: लाईट चोवीस तास असते आणि नळाचं पाणी मऊ असतं. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात, पूर्णा ते नांदेड रेल्वेमार्गावर असलेल्या चुडाव्यासारख्या गावात हे गणित जुळत नाही. इथे पाणी बहुतेक बोअरचं किंवा विहिरीचं असतं, मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि लाईट कधी जाईल याचा नेम नसतो.

म्हणून या लेखात आपण अशा परिस्थितीत टिकेल असा फिल्टर बघणार आहोत. नमुना म्हणून दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँक धरला आहे, कारण घराघरांत साधारण हाच आकार दिसतो. तुमचा टँक वेगळा असेल तर फक्त आकडे बदला, पद्धत तीच राहील.

फिल्टरचं खरं काम काय?

पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतंय आणि तरीही मासे मरतायत, हा अनुभव नवीन टँक घेणाऱ्या अनेकांना पहिल्या महिन्यात येतो. कारण जे विष माशांना मारतं ते डोळ्यांना दिसत नाही.

मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात. विष्ठा आणि न खाल्लेलं खाद्य कुजलं की त्यातूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो प्रचंड पाण्यात विरून जातो, टँकमध्ये मात्र साठत राहतो. इथे मदतीला येतात दोन प्रकारचे जिवाणू. पहिले अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच असतं. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य असतं. ते आपण पाणी बदलून बाहेर काढतो. या जिवाणूंचा शोध रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास लावला.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते खडबडीत पृष्ठभागाला चिकटून राहतात आणि त्यांना सतत ऑक्सिजन लागतो. म्हणजे फिल्टर म्हणजे या जिवाणूंसाठी बांधलेली चाळ समजा. कचरा अडवणं हे त्याचं दुसरं काम. डिझाइन करताना प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा: या चाळीतल्या भाडेकरूंना हवा आणि पाणी मिळतंय का?

आधी आपलं पाणी ओळखा

मराठवाड्याचा बराचसा भाग बेसॉल्ट खडकावर आहे. अशा भागात बोअरचं पाणी बहुतेक वेळा जड आणि थोडं अल्कधर्मी असतं, म्हणजे पीएच ७ च्या वर. याचा एक फायदा आणि एक तोटा आहे.

फायदा असा की जिवाणू अमोनियावर काम करताना पाण्यातली क्षारता खर्च होत जाते. मऊ पाण्यात त्यामुळे पीएच अचानक घसरू शकतो. जड पाण्यात क्षारतेचा साठा मोठा असल्यामुळे पीएच सहसा स्थिर राहतो.

तोटा जास्त गंभीर आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो: घातक अमोनिया आणि बराच कमी घातक अमोनियम. पाणी ३० अंशांवर असेल आणि पीएच ७ असेल, तर शंभरातला जेमतेम एक भाग घातक रूपात असतो. पीएच ८ झाला की हे प्रमाण ७ ते ८ भागांवर जातं आणि ८.५ ला साधारण २० वर. म्हणजे मऊ पाण्यात ज्या चुकीवर मासा निभावून नेतो, तीच चूक आपल्या बोअरच्या पाण्यात त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून आपल्याकडे फिल्टर थोडा मोठाच ठेवायचा आणि मासे थोडे कमीच.

तुमच्या पाण्याचे आकडे कुठून मिळतील? जलजीवन मिशनमध्ये गावपातळीवर पाणी तपासायला फील्ड टेस्ट किट दिले जातात आणि प्रत्येक गावातल्या पाच महिलांना ते वापरायचं प्रशिक्षण द्यायचं धोरण आहे. ग्रामपंचायतीत चौकशी करा. पीएच, कठीणपणा आणि नायट्रेट या तीन गोष्टी विचारा. नायट्रेट का? कारण पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि शेतीच्या भागात खतांमुळे बोअरच्या पाण्यात ते आधीच असू शकतं. बोअरच्या पाण्यातच ४० असेल, तर कितीही वेळा पाणी बदललं तरी टँकमधलं नायट्रेट ४० च्या खाली येणार नाही.

पाणी ग्रामपंचायतीच्या टाकीतून येत असेल तर त्यात टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीन असतं. ते रोगजंतूंबरोबर फिल्टरमधले जिवाणूही मारतं. असं पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवा, शक्य असल्यास त्यात एअर पंपाची नळी सोडा, मगच वापरा.

कोणता फिल्टर निवडायचा?

स्पंज फिल्टर: स्वस्त, सोपा आणि छोट्या टँकला छान. एअर पंपावर चालतो. एकटा वापरला तर आपल्या नमुन्याच्या टँकमध्ये मोजकेच मासे झेपतात.

कॅनिस्टर: बाहेर ठेवायचा बंद डबा. काम चांगलं करतो, पण लाईट गेली की आतलं पाणी थांबतं. जिवाणू उरलेला ऑक्सिजन काही तासांत संपवतात आणि मरायला लागतात. लाईट आल्यावर तेच सडकं पाणी टँकमध्ये येतं.

वरचा ट्रे: टँकच्या तोंडावर ठेवलेला उघडा डबा. पंप पाणी वर चढवतो, ते थरांमधून झिरपतं आणि भोकांमधून परत टँकमध्ये पडतं. लाईट गेली की डबा रिकामा होतो, पण आतले थर ओले राहतात आणि त्यांना हवा मिळत राहते. जिवाणू बराच काळ तग धरतात.

सॉफ्टवेअरमध्ये आम्ही सिस्टिम बनवताना आधी विचारतो की ती बंद पडली तर काय होईल. त्या कसोटीवर आपल्या भागासाठी वरचा ट्रे जिंकतो. त्याच्या जोडीला एक छोटा स्पंज फिल्टर बॅकअप म्हणून ठेवायचा.

थोडा हिशोब

टँक ६० × ३० × ३० सेमी, म्हणजे काठोकाठ ५४ लिटर. वर मोकळी जागा आणि तळाला वाळू वजा केली तर पाणी साधारण ४५ लिटर.

ताशी प्रवाह: सगळं पाणी तासाला ४ ते ६ वेळा फिल्टरमधून फिरायला हवं. ४५ × ५ = २२५ लिटर. पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. पाणी वर चढवताना तो कमी होतो. म्हणून खोक्यावर ४०० ते ५०० लिटर लिहिलेला छोटा सबमर्सिबल पंप घ्या.

कूलरचा पंप चालेल का? चालतो, आणि तो कुठल्याही इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळतो. पण साधारण १८ वॅटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला १३ युनिट होतात. ५ वॅटचा पंप ४ युनिटांच्या आत राहतो. शिवाय पंपाची बहुतेक वीज शेवटी उष्णता होऊन पाण्यातच जाते, जी उन्हाळ्यात आपल्याला नकोच आहे. कूलरचा नवा पंप अडीअडचणीला ठेवा, कायमचा नको.

भोकं: ५ मिमीच्या एका भोकावर ३ सेमी पाणी उभं असेल तर त्यातून तासाला साधारण ३० लिटर जातं. म्हणजे २२५ लिटरला सात-आठ भोकं पुरतात. आपण २० पाडणार आहोत, म्हणजे अर्धी तुंबली तरी चालेल आणि थर पाण्यात बुडून न राहता नुसते भिजत राहतील.

टँकमधली मोकळी जागा: ट्रेमध्ये जास्तीत जास्त ४ लिटर पाणी साठेल असं धरा. लाईट गेली की ते सगळं खाली येणार. टँकचं तोंड १८०० चौरस सेमी आहे, म्हणजे पातळी २.२ सेमी वाढेल. म्हणून पाणी काठापासून ४ सेमी खाली ठेवा.

साहित्य

१. खाण्याच्या वस्तू ठेवायचा प्लास्टिकचा आयताकृती डबा, अंदाजे २५ × २० × १२ सेमी. आणखी एक झाकण किंवा उथळ चाळणी.
२. पाऊण इंची पीव्हीसी पाइप आणि चार एल्बो.
३. छोटा पंप, त्याला बसणारी नळी, एक टी आणि एक छोटा कॉक.
४. जाड छिद्रांचा स्पंज.
५. साबण न लावलेल्या नायलॉनच्या घासण्या. तारेची घासणी अजिबात नको.
६. भाजलेल्या मातीच्या विटेचे किंवा फुटक्या कौलाचे तुकडे, सुपारीएवढे.
७. छोटा स्पंज फिल्टर आणि यूएसबीवर चालणारा एअर पंप.

तुकडे का करायचे? १० सेमीच्या एका ठोकळ्याचा पृष्ठभाग ६०० चौरस सेमी असतो. त्याचेच १ सेमीचे हजार तुकडे केले तर ६००० होतो. सामान तेवढंच, चाळीतल्या खोल्या दहापट. पण भुगा करू नका, नाहीतर पाणी झिरपणार नाही.

संगमरवर, शहाबादी फरशी आणि शिंपले टाळा. ते आधीच जड असलेलं पाणी आणखी जड करू शकतात. शंका आली तर दगडावर लिंबू पिळा. फेस आला तर तो दगड घेऊ नका. रंग दिलेली किंवा सिमेंट लागलेली वीटही नको.

बांधणी

पहिली पायरी: पाइप आणि एल्बो जोडून एक चौकट करा. ती टँकच्या पुढच्या आणि मागच्या काठावर टेकली पाहिजे आणि एल्बो काचेच्या बाहेर राहिले पाहिजेत, म्हणजे ती सरकणार नाही. डबा या चौकटीवर बसेल.

दुसरी पायरी: डबा टँकच्या तोंडापेक्षा सगळ्या बाजूंनी लहानच हवा. हे फार महत्त्वाचं आहे. उद्या भोकं तुंबली आणि डबा भरून वाहिला तरी पाणी टँकमध्येच पडेल, घरभर होणार नाही. डब्याच्या टँकच्या मध्याकडे येणाऱ्या काठाला २ सेमी खोल खाच पाडा. जास्तीच्या पाण्याची वाट आपण आधीच ठरवून ठेवली.

तिसरी पायरी: तळाला ५ मिमीची २० भोकं पाडा. ड्रिल मशीन असेल तर उत्तम. भोकांच्या कडा घासून घ्या.

चौथी पायरी: विटेचे तुकडे पाणी गढूळ व्हायचं थांबेपर्यंत साध्या पाण्याने धुवा. साबण नको. मग थर लावा: तळाला विटेचे तुकडे, त्यावर घासण्या, सगळ्यात वर स्पंज. स्पंज वर ठेवल्यामुळे कचरा तिथेच अडतो आणि धुवायला फक्त तोच काढावा लागतो.

पाचवी पायरी: स्पंजच्या वर भोकं पाडलेलं झाकण ठेवा, म्हणजे पाणी एकाच जागी न पडता सगळीकडे पसरेल. नाहीतर एका कोपऱ्यातून पाणी सरळ खाली जातं आणि बाकीची चाळ रिकामी राहते.

सहावी पायरी: पंपाच्या नळीत टी टाका. एक फाटा ट्रेकडे, दुसरा कॉकमधून परत टँकमध्ये. कॉक कमी-जास्त करून ट्रेकडे जाणारा प्रवाह ठरवा. दुसऱ्या फाट्याने पाण्याचा पृष्ठभाग हलत राहतो आणि हवा विरघळते.

सातवी पायरी: प्रवाह मोजा. ट्रेची नळी एक लिटरच्या बाटलीत धरा आणि मोबाईलचा स्टॉपवॉच लावा. ३६०० ला सेकंदांनी भागलं की ताशी लिटर मिळतात. १६ सेकंद लागले तर २२५ लिटर. हा आकडा तारखेसकट नोट्समध्ये लिहून ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

विजेची काळजी

पाणी आणि २३० व्होल्ट एकत्र आहेत, इथे जुगाड नको. हात पाण्यात घालण्याआधी दरवेळी प्लग काढा, फक्त बटण बंद करून भागत नाही. वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली झोळ खाऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळातून खाली टपकतं. वायरला पाण्यात जोड नको, टेप लावूनसुद्धा नको. सॉकेट टँकच्या खाली नको. घरात आरसीसीबी नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. करंट गळाला तर तो क्षणात लाईन तोडतो.

एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा किंवा नळीत एका दिशेचा वॉल्व्ह लावा. नाहीतर लाईट गेल्यावर टँकचं पाणी नळीतून उलटं पंपात येतं.

लाईट गेली की काय?

सगळ्यात आधी ऑक्सिजन संपतो. थंड पाण्यात तो जास्त मावतो: २० अंशांना लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना ७ पेक्षाही थोडा कमी. म्हणजे मे महिन्यातली लाईट जाणं डिसेंबरपेक्षा महागात पडतं.

इथे आपला यूएसबी एअर पंप आणि पॉवर बँक कामाला येतात. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत साधारण ३७ वॅट-तास ऊर्जा असते. गळती वजा जाता ३० धरा. दीड वॅटचा पंप त्यावर जवळजवळ २० तास चालेल. काही पॉवर बँक कमी लोड असला की आपोआप बंद होतात, म्हणून गरज पडण्याआधी एकदा तासभर चालवून बघा. हा स्पंज फिल्टर एरवीही रोज चालू ठेवा, म्हणजे त्याच्यातही जिवाणू वसलेले राहतील.

पॉवर बँक नसेल तर दर थोड्या वेळाने तांब्याने पाणी काढून उंचावरून परत ओता. लाईट येईपर्यंत खाद्य देऊ नका. मासे एक-दोन दिवस उपाशी राहू शकतात, पण अमोनिया वाढला तर वाचत नाहीत.

फिल्टर तयार झाला, पण मासे अजून नकोत

नव्या फिल्टरमध्ये भाडेकरू आलेले नसतात. त्यांची वस्ती व्हायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर टँकमध्ये रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना अन्न मिळतं. आधी अमोनिया वाढतो, मग तो उतरतो आणि नायट्राइट वाढतं, शेवटी तेही उतरतं आणि नायट्रेट दिसायला लागतं. टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट वाढलेलं दिसलं, की फिल्टर तयार. पट्टीचा फोटो रोज त्याच जागी, पांढऱ्या कागदावर ठेवून काढा, म्हणजे रंगाची तुलना नीट होते.

घाई असेल तर मित्राच्या जुन्या, निरोगी टँकमधला स्पंजचा तुकडा आणून आपल्या ट्रेमध्ये ठेवा. वाटेत तो ओला राहिला पाहिजे.

सुरुवात गप्पी, मॉली किंवा प्लॅटीने करा. त्यांना जड पाणी मानवतं. आरोग्य विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी साचलेल्या पाण्यात सोडतो तो गप्पी हाच. तीन-चार मासे सोडा, पंधरा दिवस थांबा, मग पुढचे.

देखभाल

आठवड्यातून एकदा पाव पाणी बदला. त्याच वेळी वरचा स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्यात पिळून घ्या, नळाखाली नको. विटेचे तुकडे गरज पडली तरच, आणि एका वेळी निम्मेच हलवा.

महिन्यातून एकदा कॉक न हलवता प्रवाह परत मोजा. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा एक तृतीयांश कमी झाला असेल तर पंपाची जाळी आणि नळी साफ करायची वेळ झाली.

उन्हाळ्यात पाणी उडून जातं, पण क्षार मागेच राहतात. वरून परत बोअरचं पाणी टाकत राहिलात तर टँक दिवसेंदिवस जड होत जातो. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचं किंवा पावसाचं स्वच्छ पाणी टाका. पाणी बदलताना मात्र नुसतं आरओ नको, त्यात माशांना लागणारे क्षार जवळजवळ नसतात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रात्री आवाज येतो म्हणून फिल्टर बंद ठेवला तर?
नको. जिवाणूंना आणि माशांना रात्रीही ऑक्सिजन लागतो. पडणाऱ्या पाण्याखाली स्पंजची पट्टी लटकवा, आवाज कमी होईल.

कोळसा टाकायचा का?
रोज गरज नाही. औषधाचा अंश किंवा पाण्याचा रंग काढायला ॲक्टिव्हेटेड कार्बन काही दिवस वापरतात. चुलीतला कोळसा त्याची जागा घेऊ शकत नाही.

सकर म्हणजे ‘क्लीनर’ मासा ठेवला तर फिल्टर कशाला?
तो शेवाळ खातो, पण विष्ठा आणि अमोनिया तोही सोडतो. शिवाय तो फूटभर किंवा त्याहून मोठा वाढतो. मग लोक त्याला नदीत सोडतात. आपल्याकडे उजनीच्या जलाशयापर्यंत हा परदेशी मासा पोहोचला आहे आणि मच्छीमारांच्या जाळ्यांना त्रास देतो आहे. टँकमधला कुठलाही मासा नदीत, विहिरीत किंवा कॅनॉलमध्ये सोडू नका.

पाणी एकदम दुधाळ झालं, बदलून टाकू का?
नव्या टँकमध्ये हे होतं आणि सहसा काही दिवसांत आपोआप जातं. आधी अमोनिया तपासा. तो वाढलेला असेल तरच पाव ते निम्मं पाणी बदला. फिल्टर मात्र धुवू नका.

आता तुमच्या टँकची लांबी, रुंदी आणि उंची सेमीमध्ये मोजा, तिघांचा गुणाकार करून हजाराने भागा आणि आलेल्या लिटरवर वरचा हिशोब परत मांडा. पंप विकत घ्यायला जाण्याआधी एवढं केलं तर दुकानात कुठला घ्यायचा हे तुम्हालाच सांगता येईल.